बुरशी मुंबईची, चिकटा सोलापूरचा

जुना कॅमेरा हातात आला की तो कुठल्या हवेत राहून आलाय ते मला हल्ली बहुतेक वेळा न विचारता कळतं. मुंबई-ठाणे किंवा रत्नागिरीकडचा असेल, तर लेन्समागून टॉर्च मारताच आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. सोलापूर, विजयपूर, कलबुर्गीकडचा असेल, तर काच बऱ्यापैकी स्वच्छ असते. पण बटण दाबलं की शटरच्या पाकळ्या उघडतात आणि मिटायचं नाव घेत नाहीत. जुन्या कॅमेऱ्यांच्या निगराणीवर इंटरनेटवर जे काही वाचायला मिळतं, त्यात निम्मी भीती बुरशीची असते. ओलावा टाळा, सिलिका जेल ठेवा, ड्राय कॅबिनेट घ्या. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४४ला टेकतो, पाऊस पडला तर पडला, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात. इथं कॅमेरा मरतो तो उन्हाळ्यानं, धुळीनं आणि कपाटात नुसतं पडून राहण्यानं. माझ्याकडचे मीडियम फॉरमॅटचे कॅमेरे एकेक करून उघडत गेलो तेव्हा हे हळूहळू उलगडत गेलं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या घराघरांत जो डबीतला रोल असायचा तो ३५ मिलिमीटरचा. मीडियम फॉरमॅटला लागतो तो १२० नंबरचा रोल, कागदाची पाठ असलेला, साधारण सहा सेंटीमीटर रुंद. कोडॅकनं तो १९०१ साली बाजारात आणला आणि आजही मिळतो. एका रोलमध्ये ६ बाय ६चे १२ फोटो, ६ बाय ७चे १०. चौकोनी निगेटिव्हचं क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून जास्त, त्यामुळे मोठा प्रिंट काढला तरी चेहऱ्यावरची सुरकुती सुरकुतीच राहते. वयानं मोठ्या वाचकांच्या घरी आग्फाचा क्लिक थ्री नावाचा काळा प्लॅस्टिकचा कॅमेरा असेल, तर त्यातही हाच रोल जायचा. म्हणजे मीडियम फॉरमॅट आपल्याकडे श्रीमंतांचा शौक म्हणून आला नव्हता. तो मुलांच्या बारशाला आणि पंढरपूरच्या सहलीला आला होता.

माझा पहिला कॅमेरा नवी पेठेतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आला. स्टुडिओवाले काका सत्तरी ओलांडलेले. गिरण्या चालू होत्या तेव्हा लग्न, मुंज, कामगारांचे ग्रुप फोटो, सगळं त्यांनी त्याच कॅमेऱ्यानं काढलेलं. याशिका मॅट १२४ जी. वर एक लेन्स, खाली एक. वरची बघायला, खालची फोटो काढायला. हे मॉडेल १९७० ते १९८६पर्यंत निघत होतं, आणि त्या काळात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या ठिकाणी ज्या स्टुडिओवाल्याकडे याशिका त्याचा भाव जरा जास्तच असायचा. काकांनी कातडी केसमधून तो काढला, फुंकर मारली आणि म्हणाले, "घेऊन जा बे, हितं नुस्ता धूळच खायलाय." पैसे घेतले, पण घासाघीस केली नाही. मी जुन्या निगेटिव्हबद्दल विचारलं तर हात झटकले. त्या कधीच चांदी काढायला किलोवर गेल्या होत्या. आख्ख्या पेठेच्या दोन पिढ्यांची लग्नं त्या गोणीत असणार. मला अजूनही कॅमेऱ्यापेक्षा त्या गोणीची हळहळ जास्त वाटते.

कॅमेरा बघायला गेल्यावर लोक आधी लेन्स बघतात. मी आधी शटरचे वेग बघतो. लेन्सवर एखादा ओरखडा असला तरी फोटोत फारसं बिघडत नाही. सावलीत काढला तर दिसतही नाही. पण एक सेकंदावर ठेवून बटण दाबलं आणि आतून कुर्रर्र असा सलग आवाज येऊन ते नीट मिटलं नाही, तर पुढचं सगळं काम तिथं आहे हे धरून चालायचं. मग अर्धा सेकंद, पाव सेकंद असं उतरत जायचं. सेल्फ टायमरच्या दांडीला मात्र हात लावायचा नाही. जुन्या लीफ शटरमध्ये, म्हणजे लेन्समधल्या पाकळ्यांच्या शटरमध्ये, तो टायमर मध्येच अडकला की अख्खं शटर घेऊन बसतो, आणि विकणारा आपल्याकडे बघत राहतो.

वेग मोजायला यंत्र लागतं असं नाही. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन लावायचा, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून उजेडाकडे धरायचा, शटर मारायचं आणि मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाकळ्या किती फ्रेम उघड्या दिसतात ते मोजायचं. एक सेकंद म्हणजे २४० फ्रेम, १/३० म्हणजे ८. १/१२५च्या पुढे हे गणित निरुपयोगी, कारण तिथं दोनच फ्रेम हाताला लागतात. पण चिकटलेलं शटर बहुतेक वेळा हळू वेगातच उघडं पडतं. काकांच्या याशिकाचा एक सेकंद संपतच नव्हता. पाकळ्या उघडल्या आणि तशाच राहिल्या.

हे का होतं ते आत बघितल्यावर कळलं. फोकसच्या यंत्रणेत आणि शटरच्या चाकांत कारखान्यातून ग्रीस भरलेलं असतं. वर्षानुवर्षं पत्र्याखालच्या माळ्यावर, सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्या ग्रीसमधलं तेल सुटं होतं आणि पातळ होऊन सरकत सरकत पाकळ्यांवर येतं. जे मागे उरतं ते घट्ट होऊन चाकांना धरून ठेवतं. पाकळ्या कोरड्या चालायला बनवलेल्या असतात. त्यांच्यावर डोळ्याला दिसणारही नाही एवढा तेलाचा थर आला तरी त्या एकमेकींना चिकटतात. आम्ही कॅमेरा मंडळी त्याला चिकटा म्हणतो. बुरशीचा डाग एकदा काचेच्या कोटिंगमध्ये खाऊन गेला की गेलाच, तो भरून येत नाही. चिकटा मात्र धुता येतो. त्यामुळे मुंबईचा कॅमेरा स्वस्तात मिळत असला तरी मी आता सोलापूरचा अडकलेला घेईन.

उघडायचं कसं? पुढच्या पट्टीवरचं रेक्झिन आधी सोडवावं लागतं, कारण स्क्रू त्याच्याखाली दडलेले. परदेशी व्हिडिओत हेअर ड्रायरनं गरम करा म्हणतात. मे महिना होता, गोंद आधीच मऊ होता. स्क्रू ड्रायव्हरबद्दल एकच सांगतो: जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या पिळाला डोकं खाऊन टाकतो. जपानी मापाचा सेट ऑनलाइन मिळतो, तो आधी घ्यावा. पुढची लेन्स फिरवून काढायला मी शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतं तसलं रबरी बूच वापरतो. दाबून फिरवलं की काचेला न ओरखडता कडी सुटते.

लेन्स बाजूला झाल्यावर पाकळ्या समोर आल्या. इथं बहुतेक हौशी लोक लायटरमध्ये भरायचं फ्लुइड ओततात, शटर मारत राहतात आणि चालू झालं की व्हिडिओ संपवतात. चालतंही, काही दिवस. पण जे ग्रीस विरघळलं ते बाहेर कुठं गेलं? आतच, अजून खोल. मला ते पटत नव्हतं, म्हणून हळू वेगांचा तो चाकांचा छोटा संच वेगळा केला आणि एका डबीत घालून घड्याळवाल्या अण्णांकडे गेलो.

अण्णांचं दुकान म्हणजे एक टपरी, पद्मशाली मोहल्ल्यात, आत एक माणूस जेमतेम मावेल एवढी. मराठी बोलता बोलता गिऱ्हाईक बदललं की तेलुगू, मग कन्नड. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावला, तो संच चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सर, हे घड्याळच आहे की. चाकं आहेत, पॅलेट आहे, स्प्रिंग आहे. टायम दाखवत नाही एवढंच."

आणि खरंच तसं आहे. एक सेकंद मोजायला शटरमध्ये दुसरं काही नसतं. स्प्रिंगचा जोर दातेरी चाकांतून जातो आणि शेवटी एक छोटा पॅलेट लुटुलुटु हलत त्याला थोपवून धरतो. तोच कुर्रर्र आवाज. अण्णांनी वाटीत व्हाइट पेट्रोल घेतलं, संच त्यात बुडवला, बारीक ब्रशनं एकेक दात घासला. पेट्रोल चहासारख्या रंगाचं झालं, ते फेकून दुसरं घेतलं. मग लाकडाच्या काडीला टोक काढून प्रत्येक चाकाचं भोक आतून पुसलं. वाळल्यावर सुईसारख्या तेलकाडीचं टोक तेलाला टेकवलं आणि ते टोक फक्त चाकांच्या आसांना लावत गेले. मला वाटलं, तेल लागलंच नसेल. मी तसं म्हटल्यावर त्यांनी आयग्लास काढून माझ्याकडे बघितलं.

"तेल डोळ्याला दिसलं म्हणजे जास्त झालं, सर."

चावीच्या घड्याळाच्या सर्व्हिसिंगला घेतात तेवढेच पैसे त्यांनी घेतले. त्यानंतर माझ्याकडच्या प्रत्येक लीफ शटरचा हा संच त्यांच्याच हातून गेला आहे. पाकळ्या मी घरी पुसतो, कोरड्या, आणि त्यांना तेलाचा स्पर्शही होऊ देत नाही.

आरशाचं प्रकरण वेगळंच निघालं. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरच्या लेन्समधून येणारा उजेड आरशावर आपटून वरच्या काचेवर जातो. या आरशाचा पारा आपल्या भिंतीवरच्या आरशासारखा काचेमागे नसतो, तो काचेच्या पुढच्या अंगाला असतो. म्हणून तो रुमालानं पुसला की गेला. काकांनी वर्षानुवर्षं पुसला होता, कडा काळ्या पडल्या होत्या. फ्रेमवाल्याकडे गेलो तर तो साधा आरसा कापून द्यायला निघाला, "एकदम क्लिअर" म्हणून. साधा आरसा लावला तर काचेचं एक प्रतिबिंब आणि पाऱ्याचं एक, असं सगळं दुहेरी दिसतं आणि फोकसही हलतो. शेवटी भंगारातल्या एका स्कॅनरनं सोडवलं. स्कॅनरच्या आत पुढून पारा दिलेल्या आरशाच्या लांब पट्ट्या असतात. त्यातली एक जाडी मोजून घेतली, कारण आरसा मागून टेकून बसतो आणि जाडी बदलली की परावर्तनाची जागा बदलते. फ्रेमवाल्यानं ती कापून दिली, पण हा असला आरसा कुणी मुद्दाम का लावेल हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

आरसा बदलला की फोकस तपासावाच लागतो. मागचं दार उघडून, फिल्म जिथं टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर धुरकट काच ठेवायची, शटर बी वर उघडं धरायचं आणि भिंगानं बघायचं. लांबची एखादी गोष्ट वर स्पष्ट दिसते तेव्हा खालीही स्पष्ट दिसली पाहिजे. आमच्या गच्चीवरून सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी या कामाला फार सोयीची होती. विमानसेवेच्या वादात ती २०२३च्या जूनमध्ये पाडली. त्या वादावर सोलापुरात कुणाचंही मत विचारा, तासभर जाईल. माझं म्हणणं एवढंच की तेव्हापासून मला मोबाइल टॉवरच्या दिव्यावर फोकस तपासावा लागतो.

याशिकाचा उजेड मोजायचा मीटर चालवायला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. तो आता बनत नाही. त्याऐवजी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल भोवती रबरी रिंग लावून बसवता येतो, व्होल्टेज जवळपास तेवढंच. श्रवणयंत्राच्या दुकानात गेलो तर बाईंनी आधी माझ्याकडे मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. हा सेल हवेवर चालतो, स्टिकर काढला की त्याचं आयुष्य सुरू, आणि आमच्या कोरड्या हवेत तो लवकर सुकतो. त्यामुळे मीटर मी सणासुदीलाच जागा करतो. एरवी सोलापूरच्या उन्हात मीटरची गरज तरी काय? आकाश निरभ्र असेल तर लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओ आकड्याइतका वेग. १२५ची फिल्म, १/१२५, एफ/१६. वर्षातले कितीतरी महिने हे एकच गणित पुरतं.

एकदा याशिका चालू झाल्यावर मग संग्रह वाढायला लागला. घरचे त्याला वेगळा शब्द वापरतात. पुण्याहून एक आग्फा आयसोलेट आला, घडीचा. त्याची पुढची लेन्स जागची हलेना. आग्फानं त्या काळी वापरलेलं हिरवट ग्रीस कालांतरानं दगड होतं, हे त्या कॅमेऱ्याचं जगजाहीर दुखणं. लेन्सच्या आट्यांत व्हाइट पेट्रोलचे थेंब सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी थोडं गरम करून हळूच फिरवायचं, पुन्हा थेंब. जोर लावला तर पुढची आणि मधली लेन्स एकदम सुटून येतात आणि फोकसचा मूळ हिशेब हरवतो. हे काम घाईच्या माणसाचं नाही.

मामिया सी ३३० आला तो एका निवृत्त प्रेस फोटोग्राफरकडून. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यांत याची खासियत म्हणजे लेन्सची जोडी बदलता येते. याचा जीव त्याच्या भात्यात, म्हणजे लेन्स आणि बॉडीमधल्या घड्यांच्या काळ्या पडद्यात. भाता कोरड्या हवेत कडक होतो आणि घडीच्या कोपऱ्यांवर टाचणीएवढी भोकं पडतात. अंधाऱ्या खोलीत आत एलईडी टॉर्च ठेवून भाता पूर्ण ताणायचा. भोकं असतील तर तारे दिसतात. काळा फॅब्रिक कलर आणि थोडा फेविकॉल एकत्र करून बारीक ब्रशनं प्रत्येक कोपऱ्यावर पातळ हात दिला, भाता ताणलेल्या स्थितीतच वाळवला. वाळायला सोलापुरात वेळ लागत नाही, हा एक फायदा.

हॅसलब्लाडबद्दल मला नेहमी विचारतात. मित्राचा ५०० सी/एम काही काळ माझ्याकडे होता. हातात धरला की सोडवत नाही, हे कबूल. लेन्स, बॉडी, मागची फिल्मची पेटी, सगळं सुटं होतं. आणि तिथंच त्याची गोम आहे. बॉडी आणि लेन्स दोन्ही चावी दिलेल्या स्थितीत असल्याशिवाय जोडायचे नाहीत, काढायचे नाहीत. नाहीतर दोघं एकमेकांत अडकतात आणि मग पेटी काढून, मागून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून आतली खाच फिरवावी लागते. फिल्मच्या पेटीतली उजेड अडवणारी पट्टी आणि फोम दर काही वर्षांनी बदलायचा. हे सगळं करता येतं. पण लेन्समधलं शटर बिघडलं की अण्णांच्या टपरीवर भागत नाही. मुंबईला पाठवा, महिने मोजा, आणि बिल आलं की त्या पैशात एक आख्खा याशिका आला असता हे मनातल्या मनात म्हणा. सोलापूरसारख्या गावात राहून ज्याला कॅमेरा चालता ठेवायचा आहे, त्यानं आपल्या पेठेत दुरुस्त होईल असाच कॅमेरा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मित्राला तो परत दिला तेव्हा वाईट वाटलं, पण रात्री झोप चांगली लागली.

आता धुळीचं. आमचं घर यंत्रमागांच्या वस्तीला लागून. चादरी-टॉवेलच्या कारखान्यातून सुताचे बारीक तंतू हवेत असतात, उन्हाच्या तिरिपेत दिसतात आणि मग कुठंही जाऊन बसतात. सुरुवातीच्या रोलवर वेड्यावाकड्या रेषा यायच्या. त्यांची दोन कुळं आहेत हे लक्षात आल्यावर काम सोपं झालं. फोटोत तंतू काळा दिसला तर तो कॅमेऱ्याच्या आत, फिल्मसमोर लोंबत होता. त्यानं उजेड अडवला. पांढरा दिसला तर तो निगेटिव्ह धुऊन वाळवताना किंवा स्कॅन करताना बसला. काळ्यासाठी कॅमेऱ्याच्या आतली चौकट रबरी फुग्यानं झटकायची, प्रत्येक रोल भरण्याआधी. पांढऱ्यासाठी बाथरूम. गरम पाण्याची वाफ करून हवेतले तंतू खाली बसवायचे, मग फिल्म टांगायची आणि दार लावून घ्यायचं. त्या वेळात घरात कुणी अंघोळीला जायचं नाही, हा नियम आमच्याकडे कसाबसा पाळला जातो.

रोल धुणं हा सोलापुरात खरा कसोटीचा भाग. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मी घरीच धुतो. रंगीत बाहेर पाठवतो आणि तिचा विषय काढत नाही. इलफर्डची एचपी ५, डी-७६ डेव्हलपर एकास एक पाणी घालून, २० अंशांवर ११ मिनिटं, हे कागदावरचं गणित. उन्हाळ्यात आमच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, २० अंश फ्रिजमध्येच सापडतात. म्हणून रसायनांच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीत उभ्या करायच्या आणि थर्मामीटर बघत बसायचं. डेव्हलपर, मग स्टॉप, मग हायपो, तिन्हींचं तापमान जवळपास सारखं पाहिजे.

आणि धुवायला पाणी! शहराला पाणी येतं ते चार-पाच दिवसांआड. वाहत्या नळाखाली अर्धा तास फिल्म धरा, असं लिहिणाऱ्यानं आमच्या गल्लीत येऊन बघावं. सुदैवानं इलफर्डचीच एक पद्धत आहे. फिल्म धुवायच्या डब्यात पाणी भरून ५ वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरून १० वेळा, ओता. पुन्हा २० वेळा, ओता. एवढ्यात फिल्म धुऊन होते आणि पाणी लागतं दोन लिटरच्या आत. शेवटचं पाणी मात्र बोअरचं घ्यायचं नाही, वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं आणि त्यात वेटिंग एजंटचे थेंब.

दुरुस्त झालेल्या याशिकाची खरी परीक्षा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत झाली. नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, ऊन अंगावर आणि दाटीत पाय ठेवायला जागा नाही. या कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं असतं आणि चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. काठी उजवीकडून येत असेल तर काचेत डावीकडून येते, आणि तिच्यामागे वळताना आपण नेमके उलटे वळतो. गर्दीत पुढचं काही दिसेना तेव्हा जुन्या प्रेसवाल्यांची युक्ती केली: कॅमेरा डोक्यावर उलटा धरायचा आणि मान वर करून काचेत बघायचं. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "का बे, आभाळाचा फोटो काढायलास का?" तो रोल इलफर्डच्या एफपी ४चा होता. बाराबंदीच्या चुण्या शाबूत राहिल्या, पांढऱ्यावर पांढरं असूनही. १/५०० जरा मंद निघतो, साधारण १/३५०सारखा. त्या वयाच्या शटरला तेवढी सूट मी देतो.

ठेवण्याबाबत माझं वेळापत्रक पुस्तकांच्या उलटं आहे. कातडी केस फक्त शोभेला, कॅमेरा त्यात कधीच नाही, कारण कातडं पावसाळ्यात ओल धरतं आणि बुरशीला खायला घालतं. सिलिका जेल ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, नंतर बाहेर. मार्च ते जून मात्र कॅमेरे माळ्यावरून आणि पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटातून उठून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगतच्या खणात येतात. तिथं आधी लोणच्याच्या बरण्या असायच्या, त्यावरून वाद झाले. शटरला चावी देऊन ठेवायचं नाही. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कॅमेरा काढून सगळे वेग मारायचे, एक सेकंदापासून वरपर्यंत, फोकस पुढे-मागे फिरवायचा. टीव्ही बघता बघता होतं.

किमतींचं म्हणाल तर याशिका आता पूर्वीसारखा कवडीमोल मिळत नाही. इन्स्टाग्रामवाल्या पोरांनी भाव चढवला, पण त्यांच्यामुळेच १२० रोल मिळतोय, तेव्हा तक्रार करत नाही. रोलच हजाराच्या घरात गेल्यानं माझा हात मात्र आखडला आहे. बारा फोटोंतला प्रत्येक फोटो आधी डोक्यात काढून बघतो.

गेल्या आठवड्यात बार्शीहून एकांचा फोन आला. त्यांच्याकडे पेंटाकॉन सिक्स आहे, पूर्व जर्मनीचा, बायोमेटर लेन्ससकट. कॅमेरा देखणा, लेन्स उत्तम, पण फिल्म ओढायच्या यंत्रणेची बदनामी मोठी: फ्रेम एकमेकींवर चढतात. पुष्कळदा कारण एवढंच असतं की लोक दांडी ओढून झटक्यात सोडून देतात. तिला बोटानं धरून परत आणायची असते. यांच्या कॅमेऱ्याला दांडीचा रोग आहे की आतल्या चाकांचा, हे रोल वाया घालवल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी मुदत संपलेला एक रोल बाजूला काढून ठेवलाय. अण्णांना आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं, यात घड्याळ आहे का? मी म्हटलं, यात पडद्याचं शटर आहे, पण हळू वेगांना चाकं आहेतच. "मग आणा," म्हणाले.